मिठाचा साबण घरी कसा करावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मीठ आणि साबण यांचं मुळात पटत नाही. साबणाच्या द्रावणात भरपूर मीठ टाकलं की साबण पाण्यातून वेगळा होऊन वर तरंगायला लागतो. कारखान्यांत साबणातून ग्लिसरीन वेगळं काढण्यासाठी हीच युक्ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. तरीसुद्धा तेलाच्या निम्म्या वजनाइतकं, कधी तेलाइतकंच मीठ घालून अशी वडी करता येते की ती हातात जड लागते, झिजताना नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होत जाते आणि साईसारखा दाट फेस देते. त्यासाठी नेहमीच्या साबणाची कृती घेऊन त्यात नुसतं मीठ घालून चालत नाही. तेलं बदलावी लागतात, कॉस्टिकचा, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा, हिशोब वेगळा मांडावा लागतो आणि कापण्याची वेळही बदलते. नवशिक्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं, म्हणून प्रत्येक पायरीवर तसं का करायचं तेही सांगते.

साबण कधीच केला नसेल तरी हा लेख पुरेल. फक्त सामान काढण्याआधी तो एकदा शेवटपर्यंत वाचा.

## १. आधी हे समजून घ्या: खोबरेल तेलच का

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कोणत्याही तेलाचा साबण होतो, पण प्रत्येक साबण पाण्यात सारखा विरघळत नाही. ऑलिव्ह, शेंगदाणा, तीळ या तेलांतली मेदाम्लं, म्हणजे तेल ज्यांचं बनलेलं असतं ती आम्लं, लांब साखळीची असतात. त्यांचा साबण खाऱ्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि विरघळला नाही तर फेस कुठून येणार? खोबरेल तेलात साधारण निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याची साखळी आखूड असल्यामुळे त्याचा साबण मिठाच्या पाण्यातही फेसाळतो. जहाजांवर समुद्राच्या पाण्याने अंघोळ करायला जो साबण वापरत, तो याच कारणाने खोबरेल तेलाचा असे.

म्हणून पहिला नियम: तेलांमध्ये किमान ७५ ते ८० टक्के खोबरेल हवं. इथे कंजुषी केली तर वडी दिसायला छान होईल, पण अंगाला कितीही घासली तरी फेस येणार नाही.

आता दुसरी बाजू. नुसत्या खोबरेलाचा साबण फार तीव्र असतो. मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही काढून नेतो आणि अंग ओढल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे कॉस्टिक मुद्दाम कमी घालायचं, म्हणजे काही तेल साबण न होता तसंच वडीत राहतं. याला सुपरफॅट म्हणतात. नेहमीच्या साबणात ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं, मिठाच्या साबणात १५ ते २० टक्के ठेवायचं. एवढं तेल शिल्लक राहिलं तर एरवी वडी मऊ आणि चिकट झाली असती, पण इथे मीठ तिला घट्ट धरून ठेवतं.

## २. साहित्य

खाली दिलेली मापं अंदाजे १०० ग्रॅमच्या नऊ वड्यांसाठी आहेत.

- खोबरेल तेल: ४०० ग्रॅम
- ऑलिव्ह तेल: ७५ ग्रॅम
- एरंडेल तेल: २५ ग्रॅम
- कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड: ६९ ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर: १३८ ग्रॅम
- बारीक मीठ: २५० ग्रॅम
- हवं असल्यास लव्हेंडरसारखं सुगंधी तेल: १० ग्रॅम

तेलंसुद्धा वजनानेच मोजायची, मिलिलिटरमध्ये नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ४०० मिलिलिटर खोबरेल म्हणजे ४०० ग्रॅम नव्हे, त्याहून कमी.

खोबरेल तेल साधं, वासरहित घेतलं तरी चालतं. घाण्याच्या तेलाचा खोबऱ्याचा वास तयार साबणात फारसा टिकत नाही, त्यामुळे महागडं तेल इथे खर्ची घालू नका. एरंडेल फक्त ५ टक्के आहे, पण फेस टिकवायला त्याची मदत होते. ते वाढवू मात्र नका, वडी चिकट होते.

ऑलिव्हऐवजी बदाम तेल किंवा शिया बटर चालेल, पण तेल बदललं की कॉस्टिकचा हिशोब नव्याने करायचा. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेलं या साबणात टाळा. आपण वडीत बरंच तेल मोकळं ठेवणार आहोत आणि ही तेलं हवेत लवकर खवट होतात. चार-पाच महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके आले आणि जुन्या तेलाचा वास यायला लागला, तर कारण बहुधा हेच असतं. खोबरेल या बाबतीत सगळ्यांत टिकाऊ.

मीठ कोणतं? रोजचं बारीक मीठ उत्तम. आयोडीनयुक्त असलं तरी बिघडत नाही. समुद्री मीठ किंवा सैंधव घ्यायचं असेल तर मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळून घ्या. खडे तसेच राहिले तर ओरखडे उठतात. गुलाबी सैंधवाचे कण तर फार टोचरे असतात आणि लवकर विरघळत नाहीत.

दोन गोष्टी मीठ म्हणून विकल्या जातात, पण या कामाच्या नाहीत. एक एप्सम सॉल्ट, ते मुळात मॅग्नेशियम सल्फेट आहे. दुसरं मृत समुद्राचं मीठ, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असतं. मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं आणि हवेतलं पाणी खेचून घेतं, त्यामुळे वडीला कायम पाणी सुटत राहतं.

कॉस्टिक सोडा घेताना डबा नीट वाचा. त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि शुद्धता ९८ किंवा ९९ टक्के असं लिहिलेलं हवं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणलंत तर वडी बनणारच नाही, त्याचा मऊ साबण होतो. तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडरही नको. त्यात इतर रसायनं आणि कधीकधी ॲल्युमिनियमचे कण असतात. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा हा पर्याय नाही, त्यांनी तेलाचा साबण होत नाही.

“कॉस्टिकशिवाय नैसर्गिक साबण करता येईल का?” असं बरेच जण विचारतात. नाही येत. वितळवून साच्यात ओतायचा जो तयार बेस मिळतो, तोही कोणीतरी आधी अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखं रसायन, घालूनच केलेला असतो. धीर देणारी गोष्ट ही की हिशोब बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत कॉस्टिक उरत नाही, सगळं तेलाशी संयोग पावून संपतं.

## ३. साधनं

- १ ग्रॅमपर्यंत अचूक असा डिजिटल वजनकाटा. याच्याशिवाय सुरुवातच करू नका.
- डोळ्यांना बाजूनेही झाकणारा सुरक्षा गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कपडा, बंद चपला किंवा बूट
- कॉस्टिकच्या पाण्यासाठी जाड, उष्णता सोसणारा पॉलिप्रॉपिलीनचा मग. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो तो.
- स्टेनलेस स्टीलचं खोलगट पातेलं
- हँड ब्लेंडर
- स्टीलचा किंवा सिलिकॉनचा चमचा आणि उलथणं
- थर्मामीटर
- एकेका वडीचे कप्पे असलेला सिलिकॉनचा साचा, एकूण सुमारे ८५० मिलिलिटर मावेल इतका

ॲल्युमिनियमचं काहीही वापरायचं नाही, ना भांडं, ना चमचा, ना साचा. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. नॉनस्टिक भांडीही नकोत. काचेच्या भांड्याचाही मोह नको. कॉस्टिक काचेवर बारीक चरे पाडतं आणि एखाद्या दिवशी गरम द्रावणासकट भांडं तडकतं. साबणाची भांडी स्वयंपाकापासून वेगळी ठेवा.

## ४. कॉस्टिकचा हिशोब स्वतः करायला शिका

यासाठी इंटरनेटवर कॅल्क्युलेटर मिळतात आणि ते जरूर वापरावेत. पण हा हिशोब एकदा हाताने केला की दुसऱ्याच्या कृतीतली चूक लगेच डोळ्यांत भरते.

प्रत्येक तेलाचा एक ठरलेला आकडा असतो: १ ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक लागतं. खोबरेलचा ०.१८३, ऑलिव्हचा ०.१३५, एरंडेलचा ०.१२८.

- खोबरेल: ४०० × ०.१८३ = ७३.२
- ऑलिव्ह: ७५ × ०.१३५ = १०.१
- एरंडेल: २५ × ०.१२८ = ३.२

बेरीज ८६.५ ग्रॅम. एवढं कॉस्टिक घातलं तर सगळ्या तेलाचा साबण होईल. आपल्याला २० टक्के सुपरफॅट हवं, म्हणून ८६.५ × ०.८० = ६९.२. पूर्णांकात ६९ ग्रॅम. पाणी याच्या दुप्पट, १३८ ग्रॅम.

डब्यावर शुद्धता कमी लिहिलेली असेल, समजा ९० टक्के, तर ६९ ला ०.९० ने भागा. उत्तर येईल ७६.७, म्हणजे ७७ ग्रॅम घ्यावं लागेल.

“आधी थोडासाच करून बघू” असं म्हणून १०० ग्रॅम तेलावर प्रयोग करावासा वाटतो. तो करू नका. १०० ग्रॅम तेलाला जेमतेम १४ ग्रॅम कॉस्टिक लागतं. काटा १ ग्रॅमने चुकला तर ती ७ टक्क्यांची चूक होते. तीच १ ग्रॅमची चूक ६९ ग्रॅमच्या मापात दीड टक्कादेखील भरत नाही. म्हणून पहिली बॅच ५०० ग्रॅम तेलाचीच करा.

## ५. कॉस्टिक हाताळण्याचे नियम

हा भाग घाईत वाचू नका. कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. याची धास्ती घेऊन थांबायचं कारण नाही, पण खालचे नियम दरवेळी पाळायचे, दहाव्यांदा करतानाही.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत. दार लावून घ्या, खिडकी उघडी ठेवा, फोन बाजूला ठेवा.

गॉगल आणि हातमोजे डब्याचं झाकण उघडण्याआधी घालायचे आणि शेवटचं भांडं बाजूला ठेवल्यावरच काढायचे. नुसता चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

कॉस्टिक पाण्यात टाकायचं. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. उलट केलं तर वरचं पाणी क्षणात उकळून अंगावर उडू शकतं.

अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि भरपूर वेळ धुवा. कॉस्टिक लागलेला कपडा काढून टाका. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की आणखी उष्णता निघते आणि धुण्याचा मोलाचा वेळ वाया जातो. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं पाण्याची धार सोडा आणि तडक डॉक्टरकडे जा.

उरलेलं कॉस्टिक घट्ट झाकणाच्या डब्यात, ठळक नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. दिसायला ते मिठासारखं किंवा साबुदाण्यासारखं असतं, त्यामुळे बिननावाचा डबा घरात नकोच. शिवाय झाकण सैल राहिलं तर ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याची ताकद कमी होते.

## ६. सगळं आधी मांडून ठेवा

मिठाचा साबण नेहमीच्या साबणापेक्षा फार लवकर घट्ट होतो. मीठ घातल्यावर साचा शोधायला वेळ मिळत नाही. म्हणून कॉस्टिकला हात लावण्याआधी मीठ मोजून, गुठळ्या फोडून एका वाडग्यात काढा. सुगंधी तेल मोजून ठेवा. साचा कोरडा करून एका ताटात ठेवा, म्हणजे भरल्यावर तो उचलता येईल. हँड ब्लेंडर जोडून ठेवा.

## ७. कॉस्टिकचं पाणी तयार करा

मगात १३८ ग्रॅम थंड डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुसऱ्या कोरड्या वाटीत ६९ ग्रॅम कॉस्टिक मोजा. पाण्याचा मग खिडकीजवळ ठेवा आणि थोडं थोडं कॉस्टिक पाण्यात सोडत, हलक्या हाताने ढवळत राहा.

पाणी झपाट्याने तापेल, अगदी ८० अंशांच्या वरही जाईल, आणि सुरुवातीची मिनिट-दोन मिनिटं तिखट वाफ येईल. ती श्वासात घेऊ नका, चेहरा बाजूला ठेवा. गढूळ पाणी हळूहळू नितळ होतं. तळाशी कण राहिलेले नाहीत ना ते पाहा. मग थंड व्हायला ठेवा. घाई असेल तर मगाला गार पाण्याच्या टोपात उभं करा, टोपातलं पाणी मगात उडणार नाही याची काळजी घेऊन.

साध्या नळाच्या पाण्यावर भागवू नका. पाणी जड असेल तर त्यातले क्षार साबणाशी मिळून साका धरतात.

## ८. तेलं गरम करा

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थिजलेलं असेल तर मंद आचेवर पूर्ण वितळू द्या, मग बाकीची तेलं घाला. तेलाचं आणि कॉस्टिकच्या पाण्याचं तापमान ३८ ते ४५ अंशांच्या दरम्यान आलं की पुढे जायचं. दोन्ही अगदी सारखं असण्याचा अट्टहास नको.

तेल फार गार मात्र होऊ देऊ नका. इतकं खोबरेल असताना तापमान उतरलं की तेल नुसतं थिजायला लागतं. मिश्रण दाट दिसतं आणि साबण होतोय असं वाटतं, पण आत क्रिया नीट सुरूच झालेली नसते. हा खोटा दाटपणा ओळखायची खूण सोपी आहे: पातेलं किंचित कोमट केलं की मिश्रण पुन्हा पातळ होतं.

## ९. एकत्र करा

कॉस्टिकचं पाणी हळूहळू तेलात ओता. हँड ब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडवून, किंचित तिरकं करून अडकलेली हवा बाहेर काढा. मग काही सेकंद फिरवा, बंद करून त्यानेच ढवळा, पुन्हा काही सेकंद फिरवा. सलग फिरवत राहिलात तर मिश्रण हाताबाहेर जातं. ब्लेंडर चालू असताना पृष्ठभागावर आणायचा नाही, शिंतोडे उडतात.

आधी तेलाचे चकाकते पट्टे दिसतात, मग सगळं एकजीव आणि फिकट होतं. ब्लेंडर बंद करून उचला आणि मिश्रणाची धार वरून सोडा. धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून विरली, तर हाच हलका ट्रेस. इथेच थांबा. ब्लेंडरचं काम संपलं, तो बाजूला ठेवा.

सुगंधी तेल आता घालून चमच्याने ढवळा. प्रमाण तेलांच्या २ टक्के ठेवा, ३ च्या वर जाऊ नका. लवंग आणि दालचिनीची तेलं पहिल्या बॅचला नकोतच. ती त्वचेला झोंबतात आणि मिश्रण पाहता पाहता घट्ट करतात. संत्र्या-लिंबाचा वास मोहक असतो, पण तो फार दिवस राहत नाही.

## १०. आता मीठ

२५० ग्रॅम मीठ एकदम न ओतता दोन-तीन वेळा पसरून घाला आणि दरवेळी चमच्याने तळापासून हलवा. ब्लेंडर नको, त्याने मिश्रण फार दाट होईल.

मीठ आधीच पाण्यात का विरघळवायचं नाही, असा प्रश्न पडेल. तीही एक पद्धत आहे. पाण्यात थोडं मीठ विरघळवून, मग कॉस्टिक घालून जो साबण करतात, त्याने वडी कडक आणि नितळ होते. पण पाण्यात मीठ मावायला मर्यादा आहे, १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम, आणि कॉस्टिक असेल तर त्याहून कमी. २५० ग्रॅम मीठ १३८ ग्रॅम पाण्यात विरघळणं शक्यच नाही. आपल्या वडीत मीठ कणांच्या रूपातच हवं. कॉस्टिकशी किंवा तेलाशी त्याची काही क्रिया होत नाही.

## ११. साच्यात भरा

लगेच भरा. प्रत्येक कप्पा भरला की ताट हलकेच आपटा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. वरून पातळ कापड किंवा कागद टाका. मिश्रण आतून तापतं, साचा हाताला गरम लागेल, ते योग्यच आहे. गोधड्यांत गुंडाळायची गरज नाही, फार तापलं तर वडीला भेगा पडतात.

लांब, पावासारखा साचा वापरून नंतर वड्या कापायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत आहे: पहिल्यांदा नको. साधा साबण दुसऱ्या दिवशी कापतात. मिठाचा साबण दुसऱ्या दिवशी दगड झालेला असतो, सुरी लावली की कडा ढासळतात आणि भुगा होतो. तो गरम असतानाच, साधारण एक ते तीन तासांत, दर वीस मिनिटांनी बोटाने दाबून पाहत कापावा लागतो. बोट रुतत नाही, पण नख उमटतं, ती नेमकी वेळ. शिवाय तेव्हा तो कच्चा असतो, म्हणून दाबताना आणि कापतानाही हातमोजे हवेतच. वेगळे कप्पे असले की ही सगळी धावपळ वाचते.

कप्प्यांतल्या वड्या १२ ते २४ तासांनी काढा. तेव्हाही हातमोजे घाला.

## १२. भांडी

भांड्यांना चिकटलेलं कच्चं मिश्रणही त्वचा भाजतं. हातमोजे न काढता भांडी जुन्या कागदाने पुसून घ्या आणि एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी चिकटलेल्या मिश्रणाचा साबण झालेला असतो आणि भांडी गरम पाण्याने सहज निघतात. लगेच धुवायला गेलात तर तेलकट चोथा मोरीत जाऊन ती तुंबते. कॉस्टिकचा मग आणि वाटी मात्र त्याच वेळी भरपूर पाण्याने धुवा.

## १३. मुरू द्या

साबण होण्याची क्रिया बहुतांशी पहिल्या एक-दोन दिवसांत पूर्ण होते. मग चार ते सहा आठवडे थांबायचं कशाला? कारण तेवढ्यात पाणी उडून जातं, वडी घट्ट होते आणि वापरताना हळू झिजते. फेसही सुधारतो. ताज्या वडीचा फेस पाहून निराश होऊ नका. तीच वडी दोन-तीन महिन्यांनी वापरून पाहा, फरक हाताला जाणवेल. माझ्या मते हा साबण दोन महिन्यांआधी वापरणं म्हणजे त्यावर अन्याय आहे.

वड्या एकमेकींना न चिकटता, जाळीवर किंवा कागदावर, हवेशीर आणि कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. दर आठवड्याला उलटवा. ट्रेला तारीख आणि मापं लिहिलेली चिठ्ठी लावा.

कॉस्टिक उरलंय का हे पाहायची एक जुनी पद्धत आहे. आठवड्याभराने ओलं बोट वडीवर घासायचं आणि त्या बोटाला जिभेचं टोक निसटतं लावायचं. नुसती साबणाची चव आली तर ठीक. विजेचा चटका बसल्यासारखं झालं तर कॉस्टिक शिल्लक आहे. तसं असेल तर आणखी आठवडाभर थांबून पुन्हा पाहा, आणि तरीही चटका बसत असेल तर ती बॅच अंगाला लावू नका.

## १४. असं झालं तर

वडीवर पाण्याचे थेंब येतात. दमट हवेत मीठ आणि ग्लिसरीन दोन्ही ओलावा खेचतात. पुसून कोरड्या, वारा खेळत्या जागी ठेवा, साबण वाया गेलेला नाही. कोरडी हवा असतानाही थेंब थांबत नसतील तर मिठातल्या मॅग्नेशियमचा संशय घ्या.

वर पांढरी पूड. कॉस्टिक आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून बनलेला सोडियम कार्बोनेट. निरुपद्रवी असतो, ओल्या फडक्याने निघतो.

वडी भुसभुशीत. मिश्रण फार दाट झाल्यावर भरलं, नाहीतर उशिरा कापलं. तुकडे हात धुवायला वापरता येतात.

वर तेल तरंगतंय. पुरेसं एकजीव न होताच मिश्रण साच्यात गेलं. तेलाखाली कॉस्टिकचं पाणी साचलेलं असू शकतं, म्हणून उघड्या हाताने शिवू नका. हातमोजे घालून सगळं पातेल्यात परत घ्या, मंद आचेवर गरम करून एकजीव करा आणि पुन्हा साच्यात दाबा. वडी ओबडधोबड होईल, पण कामाची होईल.

फेस नाही. खोबरेल कमी पडलं, मीठ जास्त झालं किंवा वडी अजून मुरलेली नाही. यातलं शेवटचं कारण सगळ्यांत जास्त वेळा आढळतं.

## १५. वापर आणि साठवण

मुरलेल्या वड्या कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकमध्ये हवाबंद केल्या की आतला ओलावा आतच राहतो. न्हाणीघरात खाली पाणी निथळणारी साबणदाणी हवी. साचलेल्या पाण्यात मीठ विरघळून वडी खालून पोखरली जाते.

खरचटलेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर हा साबण झोंबतो. लहान बाळांना आणि इसब असलेल्यांना तो देऊ नका. कोणाला भेट देणार असाल तर सोबत घटकांची यादी द्या, विशेषतः सुगंधी तेल घातलं असेल तर.

मिठामुळे त्वचेतली विषारी द्रव्यं निघतात किंवा खनिजं आत मुरतात, असे दावे ऐकायला मिळतात. अंगावर मिनिटभर राहून धुऊन जाणाऱ्या साबणाकडून मी तशी अपेक्षा ठेवत नाही. कडक, हळू झिजणारी, दाट फेसाची वडी एवढंच कारण मला तो पुन्हा करायला पुरतं.

## १६. दुसऱ्या बॅचला काय बदलावं

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

मीठ वाढवायचं असेल तर ५०० ग्रॅम तेलाला ३५० ग्रॅमपासून ५०० ग्रॅमपर्यंत जाता येतं. वडी अधिक कडक आणि जड होते, फेस थोडा कमी होतो, आणि साच्यात भरायला वेळ आणखी कमी मिळतो. कमी करायचं असेल तर १२५ ग्रॅमवरही छान वडी होते.

फक्त खोबरेल तेलाचा साबण करून पाहायचा असेल तर ५०० × ०.१८३ = ९१.५, त्याचे ८० टक्के ७३ ग्रॅम कॉस्टिक आणि १४६ ग्रॅम पाणी. सुपरफॅट २० टक्क्यांखाली आणू नका.

रंगासाठी एक चमचा मुलतानी माती किंवा केओलिन (पांढरी माती) थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून हलक्या ट्रेसला घाला. ते पाणी १३८ ग्रॅममधूनच आधी बाजूला काढून ठेवायचं, पण कॉस्टिक विरघळवायला निदान ११० ग्रॅम पाणी मगात राहिलंच पाहिजे. हळदीचा पिवळा सुरुवातीला सुरेख दिसतो, उजेडात ठेवला की उडतो.